विभाजित डेटाबेसची निगा : निरुपयोगी फाइली व फाइलगट कसे काढावेत?

कार्यालयाचा कारभार वाढू लागला की त्याचे दप्तरही वाढते. अभिलेख कक्षातील मांडण्या भरतात, रुमालांवर रुमाल चढतात, आणि एखादे जुने प्रकरण शोधावयाचे झाल्यास अर्धा दिवस धुळीत जातो. यावर उपाय म्हणून दप्तराचे अ, ब, क, ड असे वर्गीकरण करण्याची पद्धत आपल्या राज्यातील कार्यालयांत रुळलेली आहे. कायम जपावयाचे कागद कोणते आणि ठरावीक मुदतीनंतर नष्ट करावयाचे कोणते, हे या वर्गीकरणावरून ठरते. मुदत संपलेले रुमाल निघाले की मांडणी मोकळी होते आणि नव्या कागदांना जागा मिळते.

आज हेच दप्तर फार मोठ्या प्रमाणावर संगणकात गेले आहे. कागदाची अडचण डोळ्यांना दिसते, संगणकातील अडचण मात्र दिसत नाही. त्यामुळे नोंदी काढून टाकल्या तरी त्या ज्या फाइलींत होत्या त्या फाइली वर्षानुवर्षे तशाच पडून राहतात. रुमाल गेले, पण रिकामी कपाटे कुलूप लावून तशीच उभी राहिली, असा हा प्रकार होय. ही कपाटे सुरक्षितपणे कशी काढावीत, आणि ती काढताना कोणती दक्षता घ्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. उदाहरणासाठी अनेक कार्यालयांत वापरात असलेली मायक्रोसॉफ्ट कंपनीची ‘एस्क्यूएल सर्व्हर’ ही प्रणाली घेतली आहे.

फाइल, फाइलगट आणि विभाग

डेटाबेसमधील माहिती तक्त्यांच्या रूपात असते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण तक्ता ही मनाने केलेली मांडणी झाली. प्रत्यक्षात ती माहिती डिस्कवरील फाइलींत साठवलेली असते. एस्क्यूएल सर्व्हरमध्ये अशी प्रत्येक फाइल ८ किलोबाइटच्या पानांची बनलेली असते, आणि अशी आठ पाने मिळून ६४ किलोबाइटचा एक ‘एक्स्टेंट’ होतो. एक किंवा अनेक फाइलींना एकत्र बांधून त्यांचा फाइलगट, म्हणजेच ‘फाइलग्रुप’, तयार केला जातो. फाइली व फाइलगट यांची ही रचना या प्रणालीच्या ७.० या आवृत्तीपासून, म्हणजे १९९८ पासून, चालत आलेली आहे. तक्ता कोणत्या फाइलीत ठेवावा असे थेट सांगता येत नाही. तो कोणत्या फाइलगटात ठेवावा, एवढेच सांगता येते.

तक्ता फार मोठा झाला की त्याचे विभाग पाडावे लागतात. तक्त्यांच्या विभाजनाची ही सोय २००५ च्या आवृत्तीत आली. आरंभी एका तक्त्याचे जास्तीत जास्त १,००० विभाग करता येत, २०१२ च्या आवृत्तीपासून ही मर्यादा १५,००० झाली. २०१६ च्या आवृत्तीच्या पहिल्या सेवा-संचापर्यंत ही सोय प्रामुख्याने महागड्या एंटरप्राइझ आवृत्तीपुरती होती. त्यानंतर ती लहान आवृत्त्यांतही मिळू लागली. साहजिकच लहान कार्यालयांतील तंत्रज्ञांनाही आता हा विषय समजून घेणे आवश्यक झाले आहे.

विभाजनासाठी दोन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे विभाजन-सूत्र, ज्याला ‘पार्टिशन फंक्शन’ म्हणतात. कोणत्या मूल्यापाशी सीमा आखावयाची, हे ते सूत्र सांगते. दुसरी म्हणजे विभाजन-योजना, अर्थात ‘पार्टिशन स्कीम’. सीमांमुळे पडलेला कोणता विभाग कोणत्या फाइलगटात राहील, हे ती योजना सांगते. तक्ता योजनेवर उभा असतो, योजना सूत्रावर उभी असते, आणि योजनेचे पाय फाइलगटांत रोवलेले असतात. ही साखळी नीट ध्यानात आली, तर पुढील सर्व कृती सुलभ होते. सीमा जितक्या असतील त्यांपेक्षा विभागांची संख्या एकाने अधिक असते, हेही येथेच लक्षात ठेवावे.

रिकामी फाइल का खटकते?

उदाहरणादाखल एखाद्या नगरपरिषदेच्या करवसुलीच्या पावत्यांचा तक्ता घेऊ. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते, म्हणून प्रत्येक १ एप्रिलला एक सीमा आखली आहे आणि प्रत्येक वर्षासाठी स्वतंत्र फाइलगट केला आहे. समजा, एका वर्षाची फाइल ४० गिगाबाइटची आहे. त्या वर्षाच्या पावत्या तक्त्यातून काढल्या, तरी फाइल आपोआप लहान होत नाही. आतील पाने मोकळी होतात, पण डिस्कवरील ४० गिगाबाइट जागा त्या फाइलीच्याच नावावर राहते. तिच्या गटात दुसरा कोणताही तक्ता नसल्यामुळे ती जागा इतर कोणाच्याही उपयोगी पडत नाही.

याहूनही महत्त्वाची गोष्ट संकटकाळी ध्यानात येते. बॅकअप घेताना प्रणाली फक्त वापरात असलेली पाने उचलते, त्यामुळे रिकाम्या फाइलींमुळे बॅकअप फारसा मोठा होत नाही, आणि सर्व ठीक आहे असा समज होतो. परंतु तोच बॅकअप दुसऱ्या यंत्रावर पुन्हा उभा करावयाचा झाल्यास प्रणाली प्रत्येक फाइल तिच्या मूळ आकाराची निर्माण करते. अशा दहा फाइली असतील, तर केवळ पोकळीसाठी ४०० गिगाबाइट जागा लागेल. यंत्र बंद पडलेले, नागरिक खिडकीपाशी ताटकळत उभे, आणि पर्यायी यंत्रावर जागा अपुरी, असा प्रसंग ओढवू नये म्हणून ही स्वच्छता शांततेच्या काळातच करावयाची असते.

प्रथम निर्णय, मग कृती

फाइल काढणे हे तांत्रिक काम आहे. त्या फाइलीतील नोंदी काढाव्यात की नाही, हा निर्णय मात्र तांत्रिक नाही. कागदाचा रुमाल जाळण्यापूर्वी जशी सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी लागते, तशीच ती येथेही लागते. १९९३ च्या केंद्रीय सार्वजनिक अभिलेख अधिनियमाच्या व्याख्येत संगणकाने निर्माण केलेल्या साहित्याचाही समावेश आहे, आणि विहित रीतीखेरीज अभिलेख नष्ट करण्यास त्या अधिनियमाने मनाई केली आहे. आपल्या राज्यासाठी २००५ चा महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम आहे. त्याच वर्षीच्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने अभिलेख सूचिबद्ध व निर्देशांकित ठेवण्याचे दायित्व प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर टाकले आहे.

यामागील हेतू उघड आहे. कार्यालयाच्या दृष्टीने जी जुनी पावती असते, तीच एखाद्या नागरिकाच्या दृष्टीने घराच्या हक्काचा पुरावा असू शकते. सेवानिवृत्तिवेतनाच्या प्रकरणात वीस वर्षांपूर्वीची एक नोंद निर्णायक ठरते. म्हणून जतनाची मुदत संपली आहे काय, न्यायालयीन प्रकरण किंवा लेखापरीक्षणाचा आक्षेप प्रलंबित आहे काय, आणि नोंदींची पडताळलेली प्रत अन्यत्र ठेवली आहे काय, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे हाती आल्यावाचून पुढील पाऊल उचलू नये. नोंदी जपावयाच्या आहेत पण त्यांत बदल होणार नाही, अशी स्थिती असेल तर फाइलगट काढण्याऐवजी तो ‘केवळ वाचनासाठी’ असा घोषित करणे हा उत्तम पर्याय आहे.

आधी पाहणी

निर्णय झाल्यावरही हात लगेच आज्ञेकडे जाऊ नये. प्रथम पाहणी करावी. प्रणालीच्या अंतर्गत नोंदतक्त्यांत सर्व माहिती असते. ‘सिस डॉट डेटाबेस फाइल्स’ या तक्त्यात प्रत्येक फाइल, तिचा गट व तिचा आकार दिलेला असतो. हा आकार ८ किलोबाइटच्या पानांत असतो, म्हणून त्याला १२८ ने भागल्यास मेगाबाइट मिळतात. ४० गिगाबाइटची फाइल तेथे ५२,४२,८८० पाने अशी दिसेल. फाइलीत प्रत्यक्ष किती पाने वापरात आहेत, हे ‘फाइलप्रॉपर्टी’ या फलनाला ‘स्पेसयूज्ड’ हा गुणधर्म विचारून कळते.

त्यानंतर त्या गटात कोणकोणत्या तक्त्यांची व इंडेक्सांची वस्ती आहे, हे पाहावे. केवळ मुख्य तक्ता तपासून भागत नाही. एखादा इंडेक्स, किंवा मोठ्या मजकुराचे व चित्रांचे स्तंभ, वेगळ्या गटात ठेवलेले असू शकतात. सर्वांत शेवटी ‘सिस डॉट डेस्टिनेशन डेटा स्पेसेस’ हा नोंदतक्ता पाहावा. कोणती विभाजन-योजना कोणत्या गटावर विसंबून आहे, हे तेथे कळते. एकाच योजनेवर अनेक तक्ते, आणि एकाच सूत्रावर अनेक योजना उभ्या असू शकतात. सूत्रातील सीमा पुसली की ती या सर्वांसाठी एकाच वेळी पुसली जाते. पावत्यांची सीमा काढताना थकबाकीच्या तक्त्याचीही सीमा निघाली, असा घोटाळा पाहणी न केल्यामुळेच होतो.

काढण्याचा क्रम

बांधकाम खालून वर होते आणि उतरवणे वरून खाली होते. फाइलगट प्रथम, मग योजना, मग तक्ता, असा उभारणीचा क्रम असेल, तर काढताना नेमका उलट क्रम ठेवावा लागतो. वरील उदाहरणातील २०१४-१५ या वर्षाचा फाइलगट काढावयाचा आहे असे समजून पुढील पायऱ्या पाहाव्यात. या तक्त्याच्या सीमा ‘उजव्या’ प्रकारच्या आहेत, म्हणजे १ एप्रिल २०१४ हे मूल्य उजवीकडील विभागात मोडते. त्याच्या डावीकडील पहिला विभाग एका स्वतंत्र गटात मुद्दाम रिकामा ठेवलेला आहे.

१. पूर्ण बॅकअप घ्यावा आणि तो दुसऱ्या यंत्रावर उभा करून पाहावा. उभा करून न पाहिलेल्या बॅकअपवर विसंबून राहू नये.

२. त्याच फाइलगटात, मूळ तक्त्यासारख्याच रचनेचा एक रिकामा तात्पुरता तक्ता तयार करावा. स्तंभ, त्यांचे प्रकार व इंडेक्स तंतोतंत जुळले पाहिजेत.

३. ‘ऑल्टर टेबल’ या आज्ञेतील ‘स्विच पार्टिशन’ या कलमाने २०१४-१५ चा विभाग या तात्पुरत्या तक्त्याकडे वळवावा. यात नोंदी जागच्या हलत नाहीत, केवळ मालकीची नोंद बदलते. म्हणून कोट्यवधी ओळींचा विभागही क्षणात वळतो. हे काम सूत्र वापरणाऱ्या प्रत्येक तक्त्यासाठी करावे. मूळ तक्त्यावरील एखादा इंडेक्स याच पद्धतीने विभागलेला नसेल, तर ही आज्ञा नाकारली जाते. असा इंडेक्स आधी दूर करावा लागतो.

४. तात्पुरत्या तक्त्यातील नोंदी अभिलेखासाठी बाहेर काढून त्यांची संख्या व रकमांच्या बेरजा मूळ ताळेबंदाशी पडताळाव्यात. पडताळणी झाल्यावरच तो तक्ता नष्ट करावा.

५. ‘ऑल्टर पार्टिशन फंक्शन’ या आज्ञेतील ‘मर्ज रेंज’ कलमाने १ एप्रिल २०१४ ही सीमा पुसावी. त्यामुळे तो विभाग डावीकडील रिकाम्या विभागात विलीन होतो आणि त्याचा फाइलगट योजनेतून मोकळा होतो.

६. ‘ऑल्टर डेटाबेस’ आज्ञेतील ‘रिमूव्ह फाइल’ कलमाने त्या गटातील प्रत्येक फाइल काढावी. डिस्कवरील जागा येथे परत मिळते.

७. शेवटी ‘रिमूव्ह फाइलग्रुप’ कलमाने रिकामा गट काढावा.

पाचव्या पायरीआधी तिसरी पायरी का, असा प्रश्न कोणी विचारील. विभागात नोंदी असताना सीमा पुसली, तर प्रणालीला त्या सर्व नोंदी उचलून शेजारच्या विभागात नेऊन ठेवाव्या लागतात. तेवढा वेळ तक्ता अडून राहतो आणि व्यवहारांची नोंदवही, म्हणजेच ट्रान्झॅक्शन लॉग, भराभर फुगते. शिवाय ज्या नोंदी काढावयाच्या होत्या त्या दुसऱ्या गटात जाऊन बसतात. विलीन करावयाचे विभाग आधी रिकामे असावेत, हा नियम म्हणूनच कटाक्षाने पाळावा.

सीमा कोणत्या बाजूची?

कोणता गट मोकळा होईल, हे सीमेच्या प्रकारावर अवलंबून असते, आणि बहुतेकांचा गोंधळ येथेच होतो. नियम साधा आहे : सीमेचे मूल्य ज्या विभागात मोडते तो विभाग नाहीसा होतो, आणि शेजारचा विभाग आपल्या गटासह टिकून राहतो. ‘उजव्या’ प्रकारात सीमा उजवीकडील विभागाची असते, म्हणून उजवीकडील गट सुटतो. ‘डाव्या’ प्रकारात याच्या उलट घडते.

यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. ‘उजव्या’ प्रकारात सर्वांत डावीकडील विभागाचा गट, आणि ‘डाव्या’ प्रकारात सर्वांत उजवीकडील विभागाचा गट, कितीही सीमा पुसल्या तरी योजनेतून सुटत नाही. म्हणून आखणीच्या वेळीच त्या टोकाच्या विभागासाठी एक लहानसा गट राखून ठेवणे हिताचे असते. तारखांसाठी ‘उजवा’ प्रकार अधिक सोयीचा ठरतो, याचेही कारण आहे. ‘डाव्या’ प्रकारात ३१ मार्च ही सीमा घातली आणि स्तंभात तारखेबरोबर वेळही असली, तर ३१ मार्चच्या मध्यरात्रीच्या ठोक्यानंतर फाडलेली पावती पुढील वर्षाच्या विभागात जाते. १ एप्रिलची ‘उजवी’ सीमा घातल्यास हा दोष उरत नाही.

‘रिकामा नाही’ असे उत्तर आल्यास

सर्व पायऱ्या पार पाडूनही पुष्कळदा प्रणाली उत्तर देते की फाइल किंवा फाइलगट रिकामा नाही. ५०४२ या क्रमांकाचा हा संदेश पाहून गांगरून जाण्याचे कारण नाही. त्याची कारणे मोजकी आहेत व ती क्रमाने तपासता येतात.

पहिले कारण, तात्पुरता तक्ता नष्ट करावयाचा राहून गेलेला असतो. दुसरे, १२८ एक्स्टेंटपेक्षा मोठा तक्ता नष्ट केला तर त्याची पाने प्रणाली मागाहून सावकाश मोकळी करते. अशा वेळी थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करावा. तिसरे, पाहणीत सुटलेला एखादा इंडेक्स किंवा मोठ्या मजकुराचा स्तंभ त्या गटात असतो. अशा वेळी तो दुसऱ्या गटात नव्याने बांधावा लागतो. चौथे कारण सर्वांत फसवे आहे. पुढील विभाग पाडताना कोणता गट वापरावा, यासाठी योजनेत ‘नेक्स्ट यूज्ड’ अशी खूण केलेली असते. ती खूण या गटावर राहिली असेल, तर गटात एकही नोंद नसूनही तो काढता येत नाही. योजनेला गटाचे नाव न देता ‘नेक्स्ट यूज्ड’ आज्ञा दिल्यास ही खूण पुसली जाते. पाचवे, कोणताही तक्ता वापरत नसलेली एखादी जुनी योजना मागे राहिलेली असते. ती आधी आणि तिचे सूत्र नंतर नष्ट करावे.

काही जण अशा वेळी ‘श्रिंकफाइल’ आज्ञेचे ‘एम्प्टीफाइल’ कलम वापरतात. ते एका मर्यादेपर्यंतच उपयोगी आहे. ते फाइलीतील माहिती त्याच गटातील दुसऱ्या फाइलींत हलवते. गटात एकच फाइल असेल, तर माहितीला जाण्यास जागाच नसते आणि आज्ञा अयशस्वी होते. गटातील अनेक फाइलींपैकी एखादीच काढावयाची असेल, तेव्हा मात्र हेच योग्य साधन होय.

काही फाइली मुळीच काढता येत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. ‘प्रायमरी’ हा मूळ गट, त्यातील पहिली फाइल, आणि ट्रान्झॅक्शन लॉगची पहिली फाइल या डेटाबेसच्या पायाच्या शिळा आहेत. जो गट ‘डीफॉल्ट’ म्हणून नेमला असेल, तो काढण्याआधी ती नेमणूक दुसऱ्या गटाकडे सोपवावी लागते.

काम संपल्यावर

फाइल काढल्यानंतर काम संपले असे मानू नये. पूर्ण अथवा घाऊक नोंदीच्या पद्धतीवर चालणाऱ्या डेटाबेसमध्ये काढलेल्या फाइलीचे नाव लॉगचा पुढील बॅकअप होईपर्यंत राखीव राहते, म्हणून लॉगचा बॅकअप लगेच घ्यावा. त्यापाठोपाठ नवा पूर्ण बॅकअप घ्यावा. कोणता फाइलगट, कोणत्या तारखेस, कोणाच्या मंजुरीने काढला आणि त्यातील नोंदींची प्रत कोठे ठेवली, याची टिपणी अभिलेख कक्षाच्या नोंदवहीत करावी. पाच वर्षांनी एखादा नागरिक आपली पावती मागण्यास आला, तर त्या वेळच्या कर्मचाऱ्याला ही टिपणीच वाट दाखवील.

हे काम दर आर्थिक वर्षाच्या आरंभी ठरलेले असावे. एका हाताने नव्या वर्षाचा फाइलगट जोडावा, आणि दुसऱ्या हाताने मुदत संपलेल्या वर्षाचा गट काढावा. पुढील वर्षाचा विभाग त्या वर्षाची पहिली नोंद पडण्यापूर्वीच पाडला, तर तोही रिकामा असल्याने क्षणात होतो. असे चक्र नियमाने फिरत राहिले, तर डेटाबेसचा आकार आटोक्यात राहतो आणि संकटकाळी तो पुन्हा उभा करणे सोपे जाते.

पुण्याच्या पुरालेखागारातील पेशवे दप्तराचे रुमाल आजही अभ्यासकांना उघडून पाहता येतात, कारण जपावयाचे काय हे ओळखून कोणीतरी ते बांधून ठेवले. संगणकाच्या युगातही दप्तरदारीचे मर्म बदललेले नाही. जे राखावयाचे ते सापडेल अशा रीतीने राखणे, आणि जे टाकावयाचे ते विचारपूर्वक, मंजुरीने व नोंद ठेवून टाकणे, हीच चांगल्या कारभाराची खूण होय.